मिनिटाला वीस

मराठी माणूस मिनिटाला वीस वेळा श्वास घेतो. बालपणी वीस, म्हातारपणी वीस, सुखात वीस आणि दुःखातही वीस. अंगावर आभाळ कोसळलं तरी त्याचा श्वास ढळत नाही. हे एखाद्या योगाचार्यांनी सांगितलेलं नाही. राज्यातल्या सरकारी रुग्णालयांतल्या एक कोटी नव्वद लाख नोंदींनी ते सिद्ध केलं आणि सन २०३४मध्ये एका परदेशी नियतकालिकाने त्यावरचा शोधनिबंध आदराने छापला.

या एक कोटी नव्वद लाखांत नांदूरपेठच्या उपजिल्हा रुग्णालयातले दम्याचे रुग्ण होते, तापाने फणफणलेली पोरं होती, कळा सोसणाऱ्या बायका होत्या. आणि खाट क्रमांक अकरावरचे एक गृहस्थ होते. ते दुपारी दीडला वारले आणि दोनच्या नोंदीत मिनिटाला वीस श्वास घेत होते.

ती नोंद सिस्टर कुमुद ढेरंगे यांच्या हातची होती. अक्षर सुरेख होतं.

सिस्टर ढेरंगे खोटारड्या नव्हत्या. अडचण अशी की ताप थर्मामीटर सांगतो, नाडी आणि रक्तदाब यंत्र सांगतं, श्वास मात्र कुणीच सांगत नाही. तो घड्याळ धरून, छातीकडे बघत, पूर्ण एक मिनिट मोजावा लागतो. वॉर्डात चाळीस खाटा आणि सिस्टर दोन. चाळीस रुग्णांची चाळीस मिनिटं कुठल्याही ड्यूटीत कधीच शिल्लक नसत. रकाना कोरा ठेवला तर तपासणीला आलेले साहेब लाल शेरा मारत. वीस लिहिलं की साहेब पान उलटत. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कुमुदने प्रत्येकाचा श्वास पूर्ण मिनिट मोजला. दुसऱ्या आठवड्यात अर्धं मिनिट मोजून दुप्पट केली. महिन्याभरात नुसतं बघून अंदाज बांधला. पुढे हात आपोआप वीस लिहू लागला आणि बावीस वर्षं लिहीत राहिला.

म्हणूनच २०३७च्या फेब्रुवारीत ‘आदर्श नोंद परिचारिका’ हा राज्य पुरस्कार त्यांना जाहीर झाला. बावीस वर्षांत एकही रकाना कोरा नाही, असा दुसरा माणूस खात्यात नव्हता.

पुरस्कार द्यायला डॉ. अन्विता पारसनीस येणार होत्या. ‘प्रहरी’ ही यंत्रणा त्यांनीच घडवलेली.

प्रहरी म्हणजे दंडावर चिकटवायची रुपयाएवढी पट्टी. ती कातडीखालच्या पाण्यातून लॅक्टेट, म्हणजे गुदमरलेल्या पेशींनी सोडलेलं आम्ल, मोजायची, नाडी आणि अंगाची ऊब बघायची, दर पंधरा मिनिटांनी रक्तदाबाचा आकडा यंत्राकडून मागून घ्यायची. हे सगळं जमवून रुग्णाला शून्य ते दहापैकी एक अंक द्यायची. अंक सातावर गेला की सेप्सिस.

सेप्सिस म्हणजे गावात ज्याला ‘अंगात सेप्टिक झालं’ म्हणतात ते. यात जंतू मारतो असं लोकांना वाटतं, पण मारतं आपलंच शरीर. घरात उंदीर शिरला म्हणून चिडलेल्या मालकाने घरच पेटवून द्यावं, तसं. जंतूशी लढायला निघालेलं शरीर स्वतःच्या रक्तवाहिन्या गळक्या करून टाकतं. मग मूत्रपिंड, फुप्फुस, मेंदू यांना रक्त पुरत नाही, पेशी गुदमरतात आणि रक्त आंबट होऊ लागतं. ते आंबटपण बाहेर फेकायला शरीराकडे चटकन हाताशी असणारा एकच उपाय असतो: भराभर श्वास सोडणं. म्हणून पुष्कळदा ताप चढायच्या आणि रक्तदाब पडायच्या आधी श्वास वाढतो. त्या वेळी योग्य औषध मिळालं तर माणूस आठवड्यात घरी जातो. तासातासाने उशीर होत गेला तर घरी जातो तो चौघांच्या खांद्यावर.

आणि योग्य औषधं उरली होती चार. बाकीची आपण सगळ्यांनी मिळून पंचवीस वर्षांत सर्दी-पडशाला चहाबरोबर घेऊन टाकली होती, त्यामुळे जंतू त्यांना ओळखीचे पाहुणे समजत. उरलेल्या चार औषधांसाठी सरकारने प्रत्येक रुग्णालयात एक पोलादी कपाट दिलं होतं. त्याला किल्ली नव्हती. प्रहरीने सात अंक दिला की ते उघडे. नाहीतर अधीक्षकांचा अंगठा लागे.

नांदूरपेठच्या अधीक्षकांचा, म्हणजे डॉ. बोरुड्यांचा अंगठा एकदाही लागला नव्हता. सत्काराच्या दिवशी प्रहरी बसवून एक हजार दिवस पूर्ण होत होते आणि या हजार दिवसांत रुग्णालयात सेप्सिसने एकही मृत्यू झाला नव्हता. ज्यांना प्रहरीने सेप्सिस म्हटलं ते बहुतेक खरोखरच वाचले होते. ज्यांना म्हटलं नाही आणि जे तरीही गेले, त्यांच्या कागदावर ‘हृदयक्रिया बंद पडून’ असं लिहिलं होतं. हेही खोटं नव्हतं. मेलेल्या प्रत्येकाची हृदयक्रिया बंद पडलेलीच असते.

* * *

सकाळी साडेदहाला कुमुद स्त्री वॉर्डात आली तेव्हा गजरामावशी फरशी पुसत होत्या. वॉर्डाची साफसफाई, पाणी आणि बातम्या ही तिन्ही खाती त्यांच्याकडे होती.

“काय हे सिस्टर! अकराला सत्कार आणि तुमच्या केसांचं हे पाखराचं घरटं? पेपरात फोटो येनार, लोक म्हणतील पेशंटचाच सत्कार केला.”

“मावशी, आधी सात नंबरला पाणी द्या.”

“दिलं. म्हातारीला दिलं. आणि काय सांगू तुम्हाला, म्हातारी सुधारली बरं का!”

सात नंबरची म्हातारी म्हणजे द्वारकाबाई खरात, वय चौऱ्याहत्तर, याच रुग्णालयाच्या निवृत्त मेट्रन. छत्तीस वर्षं त्यांनी हे रुग्णालय आवाजावर चालवलं. लघवीला जळजळ होते म्हणून परवा त्या दाखल झाल्या आणि पहिल्या तासात त्यांनी चादरीचे कोपरे, सलाईनच्या स्टँडचा गंज, एका डॉक्टरांची दाढी आणि रुग्णालयाचा चहा या क्रमाने सगळ्यांचा उद्धार केला. कुमुद त्यांचीच विद्यार्थिनी. विद्यार्थिदशेत तिला त्यांच्याकडून एकदाच काहीतरी मिळालं होतं, स्टीलचा ट्रे. तो फेकून मारलेला होता आणि नेम चुकला होता.

“सुधारली म्हणजे?”

“मला म्हनाली, थँक्यू हो बाळ.”

कुमुद चालता चालता थांबली. मग सात नंबरकडे गेली.

“मेट्रन बाई, कसं वाटतंय?”

“छान गं.” बाई हसल्या. “किती करतेस तू आमच्यासाठी. देव तुझं भलं करो.”

द्वारकाबाई शुद्धीवर असताना असं बोलणं शक्यच नव्हतं.

तिने खाटेशेजारच्या प्रहरीच्या पडद्याकडे पाहिलं. नाडी ब्याऐंशी, ताप नाही, रक्तदाब एकशे सहा, लॅक्टेट जेमतेम वर. अंक तीन. शेजारी समाधानाचं हिरवं पान.

मग तिने बावीस वर्षांत न केलेली गोष्ट केली. बाईंचं मनगट हातात धरलं आणि छातीवर उलटं लावलेल्या घड्याळाकडे बघितलं. हे बाईंनीच शिकवलं होतं: ‘श्वास मोजते म्हणून सांगायचं नाही. सांगितलं की माणूस श्वास सांभाळून घेतो. नाडी धरल्याचं नाटक करायचं आणि छाती मोजायची. पूर्ण मिनिट. अर्ध्याची दुप्पट करणाऱ्या पोरीने किराणा दुकानात नोकरी करावी.’

पूर्ण मिनिट. तीस.

पुन्हा मोजला. तीस.

तिने पडद्यावरच्या श्वासाच्या रकान्यात तीस भरलं. पट्टीला श्वास कळत नसे. तेवढा एकच आकडा सिस्टरने भरायचा असे. प्रहरी म्हणालं, ‘नोंद स्वीकारली. धन्यवाद.’ अंक तीन.

तिने साठ भरलं. ‘नोंद स्वीकारली. धन्यवाद.’ अंक तीन.

तिने शून्य भरलं.

‘नोंद स्वीकारली. धन्यवाद.’ हिरवं पान किंचित डुललं.

“मावशी,” कुमुद म्हणाली, “या यंत्राला श्वास कळतच नाही.”

“त्याला कुठून कळनार? त्याला छाती हाय का?”

यंत्राला श्वास का कळत नाही, हे मात्र कुमुदला त्याच क्षणी कळलं होतं. प्रहरीने शहाणपण शिकलं ते जुन्या नोंदींतून. कोण वाचलं, कोण गेलं आणि जाण्याआधी कुठला आकडा हलला. श्वासाचा आकडा कधी हललाच नव्हता. वाचणारे वीस, जाणारे वीस. यंत्राने प्रामाणिकपणे निष्कर्ष काढला की श्वासाचा जगण्या-मरण्याशी काही संबंध नाही. आणि हा धडा त्याला ज्यांनी दिला, त्यांच्यात सगळ्यांत सुरेख अक्षर तिचं होतं.

* * *

डॉ. टिळेकर सक्तीच्या सेवेचं वर्ष भरायला आलेले, सव्वीस वर्षांचे, नम्र आणि कायम अर्धपोटी असे डॉक्टर होते. ते वडा खात धावत आले.

“सिस्टर, पण प्रहरी हिरवं आहे.”

“सर, श्वास तीस आहे.”

“कुणी मोजला?”

“मी.”

डॉक्टरांनी वडा खाली ठेवला. सरकारी रुग्णालयात कुणी श्वास मोजल्याचं ते पहिल्यांदाच ऐकत होते. “बरं, पण नाडी बघा, ब्याऐंशी.”

“त्या रक्तदाबाची गोळी घेतात. ती नाडी वाढूच देत नाही.”

“ताप नाही.”

“चौऱ्याहत्तराव्या वर्षी येतोच असं नाही, तुम्हीच परवा सांगितलंत.”

“रक्तदाब एकशे सहा. उत्तम.”

“तुमचा-माझा उत्तम. बाईंचा एरवी दीडशे असतो. आणि सर, त्या मला आशीर्वाद देताहेत.”

डॉ. टिळेकरांना दाढीवरून झालेला उद्धार आठवला. ते खाटेजवळ गेले. द्वारकाबाईंनी प्रेमाने त्यांच्या गालावरून हात फिरवला. “किती गोड दाढी आहे.”

डॉक्टर पांढरे पडले. “सेप्सिस आहे,” ते म्हणाले.

लघवीतल्या जंतूचा अहवाल आदल्या संध्याकाळीच आला होता. हा जंतू कपाटातल्या चारांपैकी एकालाच दाद देणारा होता. डॉक्टरांनी सलाईन लावायला घेतलं आणि कुमुद अधीक्षकांना गाठायला सभागृहाकडे पळाली.

डॉ. बोरुडे माईकमध्ये “हॅलो, हॅलो, वन टू थ्री” म्हणत होते. मागे मोठ्या पडद्यावर प्रहरीचा रुग्णालयाचा नकाशा थेट दिसत होता: एकशे वीस हिरवी पानं.

“सर, अंगठा लागेल. द्वारका मेट्रन.”

“प्रहरी काय म्हणतंय?”

“तीन.”

“मग?”

“सर, प्रहरी चुकतंय.”

बोरुड्यांनी माईक बंद केला आणि तिला पडद्याआड नेलं. “ढेरंगे सिस्टर, आज तुमचा सत्कार, माझं भाषण. भाषणातलं तिसरं वाक्य आहे, ‘हजार दिवसांत अधीक्षकांच्या अंगठ्याची गरज पडली नाही.’ पारसनीस मॅडम दहा मिनिटांत पोचताहेत. तुम्ही मला आत्ता अंगठा मागता?”

“बाईंना औषध द्यायला तास आहे सर, जास्त नाही.”

“कार्यक्रम साडेबाराला संपतो. त्यानंतर बघू. आणि हे बघा, प्रहरी कुणाच्या नोंदींवर शिकलंय? तुमच्यासारख्यांच्या! तुम्हीच त्याच्यावर अविश्वास दाखवायचा म्हणजे कमाल झाली.”

याला कुमुदकडे उत्तर होतं, पण ते दहा मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं.

ती वॉर्डात परतली. बाई आता छताशी बोलत होत्या, तेही आदराने. श्वास चौतीस.

बाईंचं आणखी एक वाक्य तिच्या कानात होतं. पहिल्या वर्षी रक्त काढायला शिकताना तिने दुसऱ्या एका विद्यार्थिनीच्या दंडावर पट्टा आवळला आणि शीर शोधत बसली, तेव्हा बाई कडाडल्या होत्या: ‘सोड तो पट्टा! जास्त वेळ आवळून काढलेलं रक्त खोटं बोलतं. अडकलेल्या हातातलं रक्त गुदमरतं, त्याचे आकडे धरायचे नाहीत.’

प्रहरीची पट्टी बाईंच्या डाव्या दंडावर, खालच्या बाजूला होती. कुमुदने रक्तदाबाचा पट्टा तिच्या वरच्या बाजूला, खांद्याजवळ गुंडाळला आणि फुगा दाबायला सुरुवात केली. हवा सोडली नाही.

डॉ. टिळेकर सलाईन चालू करून वळले. “काय करताय?”

“रक्तदाब घेतेय.”

“दोन मिनिटं झाली.”

“नीट घेतेय.”

डॉक्टरांनी पट्टा पाहिला, पट्टी पाहिली, पडद्यावर चढत चाललेलं लॅक्टेट पाहिलं. ते हुशार होते, पण अजून पुरेसे सरकारी झाले नव्हते. ते खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभे राहिले. “इथून शाळेचं मैदान छान दिसतं,” ते म्हणाले. “मला फक्त मैदानच दिसतंय.”

“दुखतंय का बाई?”

“नाही गं बाळ. तुझा हात किती मऊ आहे.”

कुमुदच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण फुग्यावरची मूठ तिने सैल केली नाही. बावीस वर्षं तिने खोटं लिहिलं आणि यंत्राने त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला. आज ती पहिल्यांदा खरं सांगत होती आणि ते ऐकत नव्हतं. त्याला खरं पटवायचं तर पुन्हा खोटंच सांगावं लागत होतं, फक्त या वेळी त्याला कळेल अशा भाषेत.

चार. पाच. पाच. सहा.

साडेतीन मिनिटांनी पान लाल झालं. कॉरिडॉरच्या टोकाला कपाट ‘खट्’ म्हणालं.

“आधी तपासणीचं रक्त उजव्या हातातून!” टिळेकर मैदान सोडून ओरडले. “मग औषध! मावशी, पळा!”

गजरामावशी पळाल्या. अठ्ठावन्न वर्षांच्या, गुडघे गेलेल्या गजरामावशी ज्या वेगाने कपाटापर्यंत गेल्या आणि आल्या, त्या वेगाची नोंद रुग्णालयाच्या कुठल्याच रकान्यात नाही. लाल पान उमटल्यापासून अकराव्या मिनिटाला औषधाचा पहिला थेंब बाईंच्या शिरेत पडला.

* * *

वॉर्डात कपाट उघडलं त्या क्षणी सभागृहात बोरुडे तिसऱ्या वाक्यावर होते. त्यांच्या मागच्या पडद्यावर एकशे वीस हिरव्या पानांत एक पान लाल झालं आणि कर्णा वाजला. मग कुणीतरी टाळी वाजवली. प्रात्यक्षिक ठेवलंय असं समजून सगळ्या सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. बोरुडे जन्मजात अधीक्षक होते. “आत्ता, या क्षणी,” ते माईकमध्ये म्हणाले, “आपल्या डोळ्यांदेखत प्रहरी एक जीव वाचवत आहे!”

पारसनीस मॅडम उभ्या राहून पडद्याकडे बघत होत्या. पन्नाशीची, साध्या सुती साडीतली बाई. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

कुमुद पावणेबाराला पोचली. केसांचं घरटं आता पूर्ण झालं होतं. तिच्या खांद्यावर शाल पडली, हातात श्रीफळ आलं आणि बोरुड्यांनी जाहीर केलं की मघाशी ज्यांना वाचवलं त्या याच रुग्णालयाच्या माजी मेट्रन आहेत आणि प्रहरी नसतं तर काय झालं असतं याची कल्पनाच करवत नाही. समोर जिल्ह्यातल्या रुग्णालयांमधून बोलावलेल्या बत्तीस सिस्टर बसल्या होत्या, शेवटच्या दोन रांगांत, कारण पुढच्या रांगा महत्त्वाच्या लोकांसाठी होत्या.

“दोन शब्द बोला सिस्टर,” पारसनीस म्हणाल्या.

दोन शब्द म्हणजे ‘आभारी आहे’. तेवढं बोलून खाली उतरायचं, जूनमध्ये पुरस्कारामागून येणारं इन्चार्ज सिस्टरचं पद घ्यायचं आणि पुढच्या वेळी पुन्हा एखादा दंड आवळायचा. कुमुदने माईक हातात घेतला. तिला खाट अकरावरचे गृहस्थ आठवले. गळवावरच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी आलेले, बायकोला ‘उद्या येतो गं घरी’ म्हणणारे. शेवटच्या दिवशी सकाळी त्यांचा श्वास किती होता, हे जगात कुणालाही माहीत नाही. माहीत असायला हवं होतं ते तिला एकटीला.

“प्रहरीने वाचवलं नाही,” ती म्हणाली. “मेट्रन बाईंचा श्वास तीस होता. मी भरला. प्रहरीला कळला नाही. मग मी पट्टा आवळून लॅक्टेट वाढवलं आणि कपाट उघडलं.”

बोरुड्यांनी माईकच्या वायरीकडे पाहिलं. ती दूर होती.

“त्याला श्वास कळत नाही, कारण मी त्याला शिकवला नाही. सगळीकडे वीस लिहिलं. मोजला नाही कधी. मेलेल्या माणसाचाही वीस लिहिलाय. तो आकडा माझा आहे.”

पारसनीस हळूच पुढे झाल्या. त्या चिडल्या नव्हत्या. वर्षानुवर्षं न सुटलेलं गणित कुणीतरी सहज सोडवावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. “तुमच्या किती नोंदी अशा?”

“सगळ्या.”

“आम्हाला वाटलं...” त्यांनी पडद्यावरच्या नकाशाकडे पाहिलं. “आम्हाला वाटलं इथल्या लोकांचा श्वास स्थिरच असतो. त्यावर माझा निबंध आहे. त्यात मी प्राणायामाचा उल्लेख केलाय.”

कुणी हसलं नाही.

“आणि बाकीच्या रुग्णालयांत?” त्यांनी सभागृहाला विचारलं.

मग शेवटून दुसऱ्या रांगेत एक हात वर गेला. त्याच्या शेजारचा गेला. एका वयस्कर सिस्टरने आधी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि मग हात वर केला. मिनिटभरात बत्तीसच्या बत्तीस हात वर होते. त्या बायकांनी नोकरीत कधी, कशासाठीही एकत्र हात वर केला नव्हता. आता एकदा केला तर खाली घेण्याची कुणालाच घाई दिसेना.

“चाळीस खाटांना दोघी असतो मॅडम,” चष्मेवाल्या सिस्टर मागून म्हणाल्या. “एवढंही लिहून घ्या.”

पारसनीसांनी ते खरंच लिहून घेतलं.

पुरस्कार रद्द झाल्याचं बोरुड्यांनी तिथेच जाहीर केलं. शाल मात्र कुमुदच्या खांद्यावरच राहिली. दिलेली शाल परत कशी घ्यायची, याची पद्धत शासकीय नियमांत नाही.

* * *

तिसऱ्या दिवशी सकाळी कुमुद सात नंबरच्या चादरीचे कोपरे दुमडत होती.

“हा कोपरा आहे?” खाटेवरून आवाज आला. “लाज नाही वाटत? असा कोपरा मी घोड्याच्या तबेल्यातही चालू दिला नसता.”

कुमुदने मान वर केली. द्वारकाबाईंचे डोळे स्वच्छ, धारदार आणि संतापलेले होते.

“बाई!”

“रडतेस काय? आणि ए ढेरंगे, माझ्या दंडावर हा वळ कसला?”

“रक्तदाबाचा पट्टा आवळला होता, बाई. साडेतीन मिनिटं.”

“आवळलेलं रक्त खोटं बोलतं, शिकवलं होतं की नाही?”

“हो, बाई. म्हणूनच आवळला.”

बाईंनी वळावरून बोट फिरवलं. गजरामावशी पोछा धरून श्वास रोखून उभ्या होत्या.

“श्वास किती होता?”

“तीस.”

“अर्ध्याची दुप्पट?”

“पूर्ण मिनिट. दोनदा.”

“हं.” बाईंनी डोळे मिटले. “तिसऱ्यांदा घ्यायला हवा होता. आणि तो दाढीवाला डॉक्टर पुन्हा माझ्याजवळ आला तर वस्तरा घेऊन ये म्हणावं.”

थँक्यू त्या म्हणाल्या नाहीत. कुमुदने पडद्याकडे पाहिलं. प्रहरीत या गोष्टीला रकाना नव्हता, म्हणून तिने कागद घेऊन सुरेख अक्षरात लिहिलं: ‘रुग्ण पूर्ववत. शिव्या स्पष्ट.’ पलीकडे खिडकीशी डॉ. टिळेकर मैदानाकडे बघून एकटेच हसत होते.

* * *

कुमुदवर चौकशी बसली. चौकशी समितीत पारसनीसांनी स्वतःचं नाव घालून घेतलं आणि पहिल्याच बैठकीत आपला शोधनिबंध मागे घेत असल्याचं पत्र ठेवलं. समितीने कुमुदला ताकीद दिली आणि त्याच कागदावर नांदूरपेठला चार जादा सिस्टर दिल्या. त्यांचं काम एकच होतं, श्वास मोजायचा. पूर्ण मिनिट, मनगट धरून, नाटक करून. त्यांना शिकवायला निवृत्त मेट्रन द्वारकाबाई खरात मानधनाशिवाय हजर झाल्या. पहिल्याच दिवशी एकीला रडवून आणि दुसरीला किराणा दुकानाचा पत्ता देऊन त्यांनी सुरुवात केली.

आठ महिन्यांत चाळीस हजार खरे श्वास जमले. त्यांच्यावर प्रहरी नव्याने शिकलं आणि त्याने जो आकडा सगळ्यांत वर धरला, तो श्वासाचा होता. पुढच्या वर्षभरात नांदूरपेठला अडुसष्ट रुग्णांचं पान लाल झालं, त्यातल्या बहुतेकांचं जुन्या प्रहरीपेक्षा चार-चार, पाच-पाच तास आधी. चौसष्ट जण घरी गेले, स्वतःच्या पायांनी. चौघे गेले, आणि त्यांच्या कागदावर पहिल्यांदाच ‘सेप्सिस’ असं लिहिलं गेलं. बोरुड्यांनी ते चार कागद सही करण्याआधी दोनदा वाचले. पण सही केली. चौसष्टांपैकी एक बाई पेढे घेऊन आली आणि यंत्रापुढे ठेवून गेली. गजरामावशींनी ते उचलून वॉर्डात वाटले. यंत्राला तोंड कुठंय, असं त्यांचं म्हणणं होतं.

तेव्हा सरकारने ही पद्धत राज्यभर लागू केली. कुमुदला पुन्हा पुरस्कार मिळाला, या वेळी दुसऱ्या कारणासाठी, आणि पहिली शाल घरी होती म्हणून तिने दुसरी द्वारकाबाईंना दिली. बाईंनी तिच्या शिवणीत चूक काढली.

राज्यातल्या सर्व रुग्णालयांना परिपत्रक गेलं. श्वास प्रत्यक्ष मोजूनच भरावा, कसा मोजावा याच्या सविस्तर सूचना होत्या आणि रकाना कसा भरावा हे समजावं म्हणून शेवटी एक नमुना छापला होता: ‘उदा. १७’.

पहिल्या महिन्यात राज्यातल्या तीन लाख अकरा हजार रुग्णांचा श्वास मिनिटाला सतरा भरला.